बॅले शिकताना आधी उभं राहायला शिका

बॅलेच्या वर्गात नवखी माणसं हवेत गेलेल्या पायाकडे बघत असतात. किती उंच गेला, बोटं ताणली गेली का, आरशात कसा दिसतोय. शिकवणाऱ्या बाईंचं लक्ष मात्र दुसऱ्या पायावर असतं, जो जमिनीवर आहे त्याच्यावर. वर्गात हलणाऱ्या पायाला ‘वर्किंग लेग’ आणि जमिनीवरच्या पायाला ‘सपोर्टिंग लेग’ म्हणतात. मी इथे त्याला सरळ ‘उभा पाय’ म्हणते. सुरुवातीच्या महिन्यांत मेहनत घ्यायची ती या उभ्या पायावर. तो पक्का झाला की दुसरा पाय हळूहळू वर जातोच. तो डळमळीत राहिला तर अंग कितीही लवचिक असू दे, पाय उचलला की धड वाकडं होतं.

हा लेख पाटी कोरी असलेल्या मोठ्या माणसांसाठी आहे. मुलांच्या बाबतीत जे वेगळं आहे, ते त्या त्या ठिकाणी सांगेन.

वर्गाला जाण्याआधी

गुलाबी टाइट्स आणि स्कर्ट पहिल्याच दिवशी आणायची गरज नाही. अंगाला बसणारी लेगिंग आणि टी-शर्ट पुरतो. अट एकच, गुडघा आणि घोटा शिकवणाऱ्याला दिसला पाहिजे. ढगळ ट्रॅक पँटमध्ये गुडघा कुठे वळतोय ते कुणालाच कळत नाही, तुम्हालाही नाही. केस घट्ट बांधा. बांगड्या, पैंजण, लोंबते कानातले घरी ठेवा.

बूट घ्यायचे ते कापडी किंवा लेदरचे मऊ बॅले शूज. बोटं आत सरळ राहिली पाहिजेत, पण बोटांपुढे जागा उरता कामा नये. पोरांना वाढत्या मापाचे बूट घ्यायची आपली सवय इथे चालत नाही. पुढे उरलेलं कापड पावलाखाली दुमडतं आणि मूल अडखळतं. टोकावर उभं राहायचे ते कडक पॉइंट शूज ही वेगळी गोष्ट आहे, त्यांच्याबद्दल शेवटाकडे.

फ्रेंच शब्दांचं काय करायचं

पहिल्या वर्गातून बाहेर पडताना डोकं गरगरतं ते नाचण्याने नव्हे, नावांनी. ही नावं फ्रेंच आहेत, कारण बॅलेला शिस्त लागली ती फ्रान्सच्या दरबारात. तिथला राजा चौदावा लुई स्वतः हौशीने नाचायचा. १६५३ मध्ये, अवघ्या चौदाव्या वर्षी, त्याने एका दरबारी बॅलेत उगवत्या सूर्याच्या वेशात काम केलं होतं. १६६१ मध्ये त्याने पॅरिसला नृत्याची राजेशाही अकादमी स्थापन केली. पावलांच्या पाच पोझिशनची पद्धतशीर मांडणी केल्याचं श्रेय त्याच्याच पदरी असलेल्या प्येर बोशां या नृत्यगुरूला दिलं जातं. त्यामुळे मुंबई असो, मॉस्को असो की लंडन, वर्गात नावं तीच ऐकू येतात.

उच्चाराचा बाऊ करू नका. आपल्याकडे वर्गात ‘प्लिए’ आणि ‘प्ली’ दोन्ही चालतात. त्यापेक्षा जोडशब्द ओळखायला शिका, कारण निम्मी नावं त्यांनीच बनलेली असतात. ‘देमी’ म्हणजे अर्धा, ‘ग्राँ’ म्हणजे मोठा. ‘दव्हां’ म्हणजे पुढे, ‘आ ला सगाँद’ म्हणजे बाजूला, ‘देरिएर’ म्हणजे मागे. बाई ‘आं क्रुआ’ म्हणाल्या की तीच क्रिया पुढे, बाजूला, मागे आणि पुन्हा बाजूला अशी करायची. नवख्यांना सगळ्यात जास्त घोळात टाकणारी जोडी म्हणजे ‘आं दओर’ आणि ‘आं ददां’. उजवा पाय पुढून बाजूला आणि तिथून मागे गेला तर आं दओर. मागून बाजूला आणि मग पुढे आला तर आं ददां. डाव्या पायालाही नियम हाच. घड्याळाच्या काट्यांची दिशा डोक्यात आणू नका, पाय बदलला की ती उलटते.

नुसतं उभं राहणं

अनवाणी उभे राहा. पावलं समांतर, एकमेकांपासून चार बोटं लांब. प्रत्येक पावलाचं वजन तीन ठिकाणी पडलं पाहिजे: टाचेवर, अंगठ्याच्या मुळाशी आणि करंगळीच्या मुळाशी. बोटं फरशीवर पसरलेली असावीत. ती फरशीला नखं रोवून धरत असतील तर तोल दुसरीकडेच कुठेतरी बिघडलेला आहे.

आता गुडघे. सरळ, पण मागे ढकललेले नाहीत. ज्यांचे गुडघे मुळातच मागे झुकतात त्यांना ‘सरळ करा’ म्हटलं की ते आणखी मागे नेतात. त्यांनी गुडघ्याची वाटी मांडीकडे वर खेचण्याकडे लक्ष द्यावं. कंबरेच्या बाबतीत दोन टोकं दिसतात. काही जण पाठीला बाक देऊन बसायचा भाग मागे सोडतात. त्यांना टोकलं की तेच जण तो इतका आत दाबतात की गुडघे वाकायला लागतात. कमरेचं हाड मधोमध हवं. बरगड्या पुढे फुगलेल्या नकोत, खांदे कानांपासून लांब, नजर समोर.

वजन बरोबर ठिकाणी आहे का, हे तपासायची एक साधी युक्ती आहे. अंग पुढे न झुकवता दोन्ही टाचा फरशीपासून कागदाइतक्या वर उचलून बघा. उचलल्या तर उत्तम. उचलण्याआधी अंग पुढे न्यावं लागलं, तर इतका वेळ तुम्ही टाचांवर रेलून उभे होतात. बहुतेक सगळे असतात. दिवसभर बस स्टॉपवर, ओट्याशी, लोकलमध्ये आपण असेच उभे असतो.

टर्नआउट: पावलं नव्हे, खुबा

बॅलेतले पाय बाहेरच्या बाजूला वळलेले असतात, त्याला ‘टर्नआउट’ म्हणतात. का, ते स्वतःच्याच पायावर बघता येतं. खुर्चीला धरून एक पाय, पाऊल समोर ठेवूनच, बाजूला वर उचला. थोड्या उंचीनंतर खुब्यात अडकल्यासारखं होईल. आता तोच पाय खुब्यापासून बाहेर वळवून उचला, म्हणजे गुडघ्याची वाटी छताकडे बघेल. पाय आणखी वर जातो, कारण मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला आता कमरेच्या हाडाची आडकाठी उरत नाही.

म्हणजे वळायचं ते खुब्यातून. पाऊल हा त्या वळण्याचा नुसता शेवट. नवखी माणसं नेमकं उलट करतात. आरशात बघून पावलं आडवी करतात आणि गुडघे समोरच राहतात. मग सगळा पीळ गुडघ्याला आणि घोट्याला बसतो, पावलाची कमान आत कोसळते, अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागतं.

तुमचा खरा टर्नआउट असा काढा. पावलं समांतर, टाचा जुळलेल्या, गुडघे सरळ. वजन टाचांवर घेऊन चवडे जरासे उचला, मांड्या खुब्यातून बाहेर फिरवा आणि जिथे सहज थांबतील तिथे चवडे खाली टेकवा. बहुतेकांचा कोन काटकोनाच्या आसपास निघतो. कुणाचा थोडा जास्त, कुणाचा कमी. फोटोत दिसणारी सरळ रेषा फार थोड्या लोकांच्या हाडांना जमते. खुब्याच्या वाटीची खोली आणि मांडीच्या हाडाचा पीळ प्रत्येकाचा वेगळा असतो आणि तो मोठेपणी व्यायामाने बदलत नाही. बदलते ती ताकद. आहे तो कोन वळवून धरणारे खुब्यामागचे खोल स्नायू तयार करता येतात. मुलांना तर जबरदस्तीने कधीच वळवू नये.

पाच पोझिशन

पहिली: टाचा जुळलेल्या, चवडे बाहेर. वरचा प्रयोग केलात तर तुम्ही आत्ता पहिलीतच उभे आहात.

दुसरी: तोच कोन, पण दोन टाचांमध्ये साधारण एक-दीड पावलाचं अंतर. वजन बरोब्बर मध्ये.

तिसरी: एका पायाची टाच दुसऱ्याच्या मध्याशी. मोठ्यांच्या वर्गात पाचवीच्या ऐवजी हीच वापरतात आणि त्यात कमीपणा काही नाही.

चौथी: एक पाऊल दुसऱ्याच्या पुढे, मध्ये साधारण एक पावलाची जागा. इथे फसायला होतं, कारण वजन नकळत मागच्या पायावर राहतं. ते दोन्ही पायांवर सारखं हवं आणि कमरेची दोन्ही हाडं समोर बघत हवीत.

पाचवी: पावलं एकमेकांना चिकटलेली, पुढच्याची टाच मागच्याच्या अंगठ्यापाशी. शिकवणारे सांगत नाहीत तोवर तिच्या वाटेला जाऊ नका. पाचवी बसवण्यासाठी गुडघे वाकवून पावलं अडकवायची आणि मग गुडघे ताठ करायचे, हा उद्योग तर करूच नका.

प्लिए

वर्गाची सुरुवात बहुतेक वेळा प्लिएने होते. देमी-प्लिए म्हणजे टाचा जमिनीवर ठेवून गुडघे वाकवणं. गुडघा पावलाच्या दुसऱ्या-तिसऱ्या बोटाच्या रेषेत जातोय का, एवढंच बघा. आत येत असेल तर टर्नआउट कमी करा. पाठ वरून खाली एकाच रेषेत राहते, बसायचा भाग मागे जात नाही.

ज्यांनी भरतनाट्यम केलं आहे त्यांना अरमंडीची, म्हणजे गुडघे बाहेर वळवून अर्धं बसण्याची सवय असते आणि पहिले काही आठवडे ती आड येते. अरमंडीत तुम्ही खाली बसून तिथे टिकता. प्लिए मात्र तळाशी थांबत नाही. चार मात्रांत खाली जायचं असेल तर चौथ्या मात्रेलाही थोडं खाली जातच असता आणि लगेच वर निघता. पुढे उडी मारायची ती याच हालचालीतून, आणि उतरायचंही याच्यातच. उतरताना आवाज होता कामा नये: आधी चवडा, मग टाच, मग गुडघा.

ग्राँ-प्लिएत पूर्ण खाली जायचं. दुसरी पोझिशन सोडली तर बाकी सगळ्यांत टाचा शेवटी शेवटी उचलल्या जातात आणि वर येताना शक्य तितक्या लवकर टेकतात. दुसरीत त्या मुळीच उचलायच्या नाहीत. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी ग्राँ-प्लिए बिनदिक्कत सोडून द्यावा आणि देमी दोनदा करावा. कुठल्याही समजूतदार शिक्षकाचा त्याला आक्षेप नसतो.

तांद्यू: इथे थांबा

मला विचाराल तर नवख्याने दुसरं काहीच केलं नाही आणि रोज तांद्यू केला तरी तो पुढे जाईल. दिसायला अगदी मामुली. पाय सरळ ठेवून पाऊल फरशीवरून पुढे सरकवायचं, टोक ताणायचं, परत आणायचं. बोटं फरशी सोडत नाहीत.

पहिल्या पोझिशनमधून उजवा पाय पुढे न्यायचा आहे. पाऊल हलण्याआधी काय होतं ते बघा. तुमचं वजन दोन्ही पायांवर आहे. ते डाव्या पायावर आलं नाही तर उजवा निघूच शकत नाही. हे वजन अर्ध्या पावलाइतकंही सरकत नाही, बाहेरून कुणाला दिसणारही नाही, पण उभ्या पायाच्या खुब्यात कळतं. खूप जण डाव्या खुब्यावर बसकण मारतात, म्हणजे कंबर डावीकडे बाहेर काढून त्यावर रेलतात. तसं नको. वजन डावीकडे जाताना कमरेची डावी बाजू वर राहिली पाहिजे.

आता पाऊल. पुढे जाताना टाच आघाडीवर, म्हणजे टर्नआउट टिकतो. आधी टाच उचलली जाते, मग चवडा, शेवटी बोटांची टोकं फरशीवर. येताना उलट: आधी बोटं, मग चवडा, मग टाच, आणि आघाडी बोटांची. मागच्या तांद्यूत जाताना बोटं पुढाकार घेतात आणि येताना टाच. पुढच्या तांद्यूत ताणलेल्या टोकावर वजन टाकू नका. उजवं पाऊल कुणी अचानक काढून घेतलं तरी तुम्ही जागचे हलणार नाही, इतकं वजन डाव्यावर हवं. पाऊल घोट्यापाशी आत वळत असेल तर त्याला ‘सिकल्ड फूट’ म्हणतात. ते सरळ पोटरीच्या रेषेत आणा.

हाच तांद्यू जोरात करून पाऊल फरशीपासून वीतभर उचललं की त्याला काही ठिकाणी ‘देगाजे’, काही ठिकाणी ‘ग्लिसे’ आणि रशियन पद्धतीत ‘जेते’ म्हणतात. पाऊल पुढून बाजूला आणि मागे अर्धवर्तुळात फिरवलं की ‘राँ द जांब’. सरळ पाय उंच फेकला की ‘ग्राँ बात्मां’. या सगळ्यांच्या पोटात तांद्यूच आहे.

हात

हातांच्या हालचालीला ‘पोर द ब्रा’ म्हणतात. हात खाली मांड्यांपुढे गोलाकार, तिथून पोटासमोर, मग बाजूला, किंवा डोक्यावर. बाजूला धरलेले हात खांद्यांच्या किंचित पुढे असतात, कोपर खांद्याहून थोडं खाली, आणि नजर समोर ठेवूनही डोळ्यांच्या कडेला बोटं दिसतात. डोक्यावरचे हातही कपाळाच्या जरा पुढे, हनुवटी न उचलता दिसतील इतके.

आकड्यांबाबत एक सावधगिरी. डोक्यावरच्या हातांना फ्रेंच आणि इंग्लिश परंपरेत ‘पाचवी’ म्हणतात, तर अग्रिप्पिना वागानोवाच्या रशियन पद्धतीत ‘तिसरी’. इटालियन गुरू चेकेत्तीची ‘पहिली’ आणखी निराळी. म्हणून यूट्यूबवरचे व्हिडिओ एकत्र करून हात शिकू नका. पहिल्याच दिवशी आपल्या वर्गात कुठली पद्धत आहे, ते विचारून घ्या.

तोल

बार, म्हणजे भिंतीलगतचा दांडा, तोल सांभाळायला असतो हा समज चुकीचा. तो फक्त स्पर्शाला असतो. हात अंगाच्या थोडा पुढे, अंगठाही बाकीच्या बोटांबरोबर वरच. मध्येच बोटं उचलून बघा. उचलता आली नाहीत तर तुम्ही दांड्याला लटकलेले आहात. साधारणपणे आधी डावा हात बारवर ठेवून उजवा पाय चालतो, मग बारकडे तोंड करून वळायचं आणि दुसरी बाजू.

तोलाचा सराव या क्रमाने करा. बारकडे तोंड, दोन्ही हात, पहिली पोझिशन. देमी-प्लिए करा, सरळ व्हा, मग टाचा उचलून चवड्यांवर या. हे ‘रलवे’. वर आल्यावर घोटे करंगळीकडे कलंडू देऊ नका. वजन अंगठा आणि त्याच्या शेजारच्या बोटाच्या मुळाशी हवं. एक हात सोडा, मग दुसरा. हे जमायला लागलं की सपाट पावलावर परत या आणि एक पाय उचलून त्याची बोटं उभ्या पायाच्या गुडघ्याला लावा. हे ‘रतिरे’, काही जण ‘पासे’ म्हणतात. ते जमलं की हेच रलवेत.

तोल जातोय असं वाटलं की माणूस श्वास धरतो, खांदे उचलतो आणि खाली बघतो. तिन्ही गोष्टी तोल घालवणाऱ्या. नजर डोळ्यांच्या उंचीवरच्या एका स्थिर ठिकाणी ठेवा. आरशातल्या स्वतःच्या चेहऱ्यावर नको, तो तुमच्याबरोबरच हलतो. श्वास सोडत राहा. आणि स्थिर म्हणजे पुतळा नव्हे. उभ्या पायाचा घोटा सतत बारीक हलत असतो, डोळे, आतला कान आणि तळव्याची जाणीव त्याला सूचना देत असतात. ती हालचाल दाबायला गेलात की पडता. तरीही तोल सुटलाच तर कोलमडू नका, देमी-प्लिएमधून उतरा.

गिरक्या म्हणजे ‘पिरुएत’ इतक्यात नकोत. कथकवाल्यांना एवढंच सांगते की तुमची नजर लावायची सवय इथे उपयोगी पडेल, पण कथकचे चक्कर टाचेवर फिरतात आणि पिरुएत चवड्यावर. टाचेवर फिरायची सवय मोडायला वेळ लागतो.

घरी सराव करताना

ओट्याला धरून तांद्यू छान होतात, फक्त ओटा बारपेक्षा थोडा बुटका असतो, म्हणून खांदा खाली ओढला जात नाही ना ते बघा. हलकी प्लॅस्टिकची खुर्ची नको, कलंडते. गुळगुळीत टाइल्सवर मोजे घालू नका, पावसाळ्यात फरशीला घाम सुटतो तेव्हा तर अनवाणीसुद्धा जपून. दहा मिनिटं देमी-प्लिए, तांद्यू, रलवे आणि एका पायावर उभं राहणं एवढं भरपूर झालं. उड्या घरी अजिबात नाहीत. टाइल्सखाली सिमेंट असतं आणि सगळा धक्का नडगीला आणि गुडघ्याला बसतो.

दुखण्यात फरक करायला शिका. पोटऱ्या, मांड्या, खुब्यामागचे स्नायू दोन दिवस भरून येणं ठीक. गुडघ्याच्या आतल्या बाजूला, घोट्याच्या मागे किंवा खुब्याच्या पुढे टोचल्यासारखं दुखलं तर थांबा, टर्नआउट कमी करा आणि बाईंना सांगा.

पॉइंट शूजबद्दल. ऑनलाइन सहज मिळतात म्हणून हौसेखातर मागवू नका. मुलांना ते सर्वसाधारणपणे अकरा-बारा वर्षांच्या आधी देत नाहीत, आणि तेही काही वर्षं नियमित शिकल्यावर, घोटा आणि पाऊल तपासूनच. मोठ्यांनाही आधी एका पायाचा रलवे न डगमगता पुन्हा पुन्हा करता यायला हवा. वय उलटलं म्हणून शिकायला मात्र हरकत नाही. आणि मुंबईत राहून कुठवर जाता येतं ते अमीरुद्दीन शाह या नर्तकाने दाखवलं आहे. इस्रायली-अमेरिकन गुरू येहुदा माओर यांच्याकडे मुंबईत शिकून तो २०१७ मध्ये लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये गेला.

वर्ग निवडताना फीच्या आधी फरशी बघा. टाच आपटल्यावर लाकडी तळ किंचित दबला पाहिजे. सिमेंटवर नुसतं विनाईल अंथरलेलं असेल तर बारपुरतं ठीक, उड्यांचा वर्ग तिथे लावू नका. एक वर्ग बाजूला बसून बघू द्या म्हणावं. बाई नवख्यांच्या गुडघ्यांकडे बघतात की फक्त उंच गेलेल्या पायांचं कौतुक करतात, ते अर्ध्या तासात समजतं.